मावशींना सीपीआर येतो का?

पाळणाघराची फी, एसी, सीसीटीव्ही, मेन्यू... आपण सगळं विचारतो. पण बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला, तर त्या क्षणी समोर असलेल्या दोन हातांना काय येतं, हे विचारतो का? आणि ते हात शिकतात कुठे? मोबाइलवर की वर्गात? दोन्हीकडे डोकावून केलेला हा रिपोर्ट.

सकाळी साडेआठ. बाणेर, वाकड, खराडी, कुठलीही सोसायटी घ्या, सीन सेम असतो. एका खांद्याला लॅपटॉप बॅग, दुसऱ्याला डायपर बॅग, गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड आणि कडेवर दीड वर्षाचा नमुना, जो तेच आयडी कार्ड मन लावून चघळतोय. नऊच्या कॉलला उशीर झालेला. पाळणाघराच्या दारात पिल्लू मावशींच्या हातात जातं, एक पापी, एक 'बाय बाय कर', आणि गाडी स्टार्ट!

आता एक प्रश्न. हे पाळणाघर निवडताना तुम्ही काय काय विचारलं होतं? सीसीटीव्हीचं फीड मोबाइलवर दिसतं का? जेवण घरगुती आहे का? दुपारी एसी लावता का? अ‍ॅक्टिव्हिटीज काय काय असतात? उशीर झाला तर जादा पैसे किती? बढिया! आता सांगा, यात 'बाळाचा श्वास अडकला तर तुमच्या मावशी काय करतील?' हा प्रश्न होता का?

मी माझ्या ओळखीतल्या डझनभर आई-बाबांना हे विचारलं. सगळे आयटी, बँक, मीडियातले. गाडी घेताना एअरबॅग मोजणारे. बहुतेकांनी आधी थोडा पॉज घेतला आणि मग म्हणाले, "अरे, त्यांना येत असेल ना!"

असेल ना. याच दोन शब्दांवर आपण दिवसाचे दहा तास काढतो.

पन्नास माणसांचं ऑफिस

आधी थोडा कायदा. घाबरू नका, दोनच पॅरेग्राफ.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना लक्षात राहिली, पण त्याच दुरुस्तीत दुसरी एक मोठी गोष्ट होती: ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय द्यायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचा हा आकडा आहे. मधल्या काळात, २०१८ मध्ये, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

म्हणजे कागदावर पाळणाघर आता चैन राहिलेली नाही, ऑफिसच्या सोयींपैकी एक झाली आहे. पण २०१७ च्या त्या कलमात काय होतं? पाळणाघर किती अंतरावर असावं, आई किती वेळा जाऊ शकते. बाळाला उचलणाऱ्या हातांना काय यायला हवं, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. आणि सोसायटीच्या टू-बीएचकेमध्ये चालणाऱ्या पाळणाघराला तर 'तुमच्या मावशी शिकलेल्या आहेत का?' असं विचारणारे बहुतेक वेळा पालकच असतात. विचारलं तर!

क्लिक, क्लिक, सर्टिफिकेट

पाळणाघरवाल्यांनाही हे कळतं बरं का. निदान काही जणांना. कोथरूडच्या एका पाळणाघराच्या संचालिकाबाईंनी मला भिंतीवरची फ्रेम अभिमानाने दाखवली. 'पेडियाट्रिक फर्स्ट एड', खाली त्यांचं नाव, वर सोनेरी सील. "ऑनलाइन केला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये," त्या म्हणाल्या. तेव्हा पाळणाघरं बंद होती, वर्गही बंद होते, आणि ज्यांना शिकायचं होतं त्यांना तोच एक रस्ता उघडा होता. त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही.

ऑनलाइन प्रकरण नेमकं असतं काय, हे बघायला मी तीन कोर्स केले. एक फुकट, दोन पैसे भरून. कुणाचं नाव घेत नाही, कारण साचा साधारण एकच होता. छोटे छोटे व्हिडिओ, मधे ग्राफिक्स, शेवटी क्विझ, आणि क्विझ पास झालात की पीडीएफ. तिन्ही कोर्स इंग्रजीत. दोनांत व्हिडिओ दीडपट वेगाने पळवता येत होता. स्क्रीनसमोर बसलेला माणूस खरंच मीच आहे का, हे तिघांपैकी कुणीच तपासलं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माहिती उत्तम होती! भाजल्यावर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. तापात आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने मदत मागवा. घशात काही अडकलं असेल तर दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, कारण अडकलेली वस्तू आणखी खाली ढकलली जाते. हे सगळं सोप्या चित्रांतून. कितीही वेळा रिवाइंड करा, व्हिडिओ वैतागत नाही.

गोची वेगळीच आहे. ते सोनेरी सील ज्या बाईंच्या नावावर होतं, त्या दिवसभर असतात पुढच्या खोलीत: फोन, फी, अ‍ॅडमिशन. बाळं असतात आतल्या खोलीत, दोन मावशींबरोबर. त्या मावशींपैकी एकीने सांगितलं, "मॅडमनी आम्हाला पण लिंक पाठवली होती. इंग्लिश होतं. मग आमच्या पोरीनं भरून दिलं सगळं." तिची मुलगी अकरावीत आहे. मुलीला बाळाच्या छातीचा एक तृतीयांश म्हणजे किती, हे आता नक्की माहीत आहे. बाळ मात्र आईकडे असतं.

ढेकर काढायची नाहीये!

मग एका रविवारी मी वर्गात जाऊन बसलो. कोथरूडमधलाच एक हॉल, खाली सतरंजी, चौदा मावशी, सहा बाहुल्या आणि शिकवायला एक निवृत्त नर्स, ज्यांना सगळ्या 'सिस्टर' म्हणत होत्या. वर्गात पुरुष मी एकटा. पहिल्या पाच मिनिटांत मी 'सर'वरून 'दादा'वर आलो, आणि चहाच्या सुट्टीनंतर कप गोळा करायला!

सिस्टरांनी आधी काही शिकवलंच नाही. एक बाहुली उचलली, समोरच्या मावशींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे आठ महिन्यांचं आहे. डाळिंबाचा दाणा अडकलाय. करा."

त्या मावशींनी तो व्हिडिओ पाहिलेला होता. तीन वेळा, मराठीतला. त्यांना पायऱ्या तोंडपाठ होत्या. बाळ पालथं, आपल्या हातावर, डोकं छातीपेक्षा खाली, पाठीवर पाच तडाखे. त्यांनी बाहुली पालथी घेतली. पण डोकं राहिलं वर, कारण बावीस वर्षं बाळं सांभाळताना त्यांच्या हातांना एकच सवय लागलेली: डोकं वर धरायचं. आणि तडाखे? तडाखे कुठले, ते थोपटणं होतं. अगदी प्रेमाने, खांद्यावर टाकून दूध जिरवतात तसं.

सिस्टर म्हणाल्या, "मावशी, ढेकर काढायची नाहीये. जीव वाचवायचाय."

हॉल हसला. मावशीही हसल्या. मग सिस्टरांनी त्यांच्या मनगटाला धरून बाहुलीच्या पाठीवर एक खणखणीत तडाखा बसवला. मावशी दचकल्या. "एवढ्या जोरात?" हो, एवढ्या जोरात! पुढची दहा मिनिटं हॉलमध्ये नुसता ठक ठक आवाज. कुणाचा तडाखा पाठीच्या फार खाली बसत होता, कुणी बाहुलीचा जबडा धरायच्या ऐवजी गळाच धरला होता. सिस्टर प्रत्येकीपाशी जाऊन हात हलवत होत्या, अक्षरशः हात.

व्हिडिओला हेच जमत नाही. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, पण तुम्ही व्हिडिओला दिसत नाही. माझा तडाखा हलका आहे, हे मला सांगणारं स्क्रीनच्या पलीकडे कुणी नसतं. शिवाय ऑनलाइन क्विझ विचारतं, 'दाब किती खोल?' मी 'सुमारे ४ सेंटिमीटर' हा पर्याय निवडतो, हिरवा टिकमार्क येतो. वर्गातली बाहुली तेच विचारते, पण तिला उत्तर हाताने द्यावं लागतं. छाती पुरेशी दबली तर आतून 'टक' असा आवाज येतो, नाही तर येत नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांत दंड भरून येतात, जिमला जाणाऱ्यांचेसुद्धा.

एका मावशींनी वर्गातली सगळ्यात भारी गोष्ट सांगितली. "दादा, व्हिडिओतलं बाळ कसं गप पडून असतं. आपल्याकडचं पोरगं असं हातात मावतं का?"

आणि मग आले प्रश्न. आकडी आली की आम्ही कांदा हुंगवतो, ते चुकीचं का? भाजल्यावर बटाटा किसून लावतात ना? पडल्यावर पाणी पाजायचं का? प्रत्येक 'नाही'नंतर एखादी मावशी म्हणायचीच, "पण आमच्या सासूबाई..." सिस्टर प्रत्येक सासूबाईंना शांतपणे उत्तर देत होत्या. कोर्सच्या व्हिडिओमध्ये सासूबाई नसतात. म्हणून व्हिडिओ बघूनही कांदा जिथल्या तिथेच राहतो.

खेळण्यांच्या कारखान्यातली बाहुली

ही बाहुली आली कुठून, माहितीये? एका खेळणी बनवणाऱ्याकडून! नॉर्वेतल्या स्टावांगर शहरात ऑस्मुंड लेर्डाल नावाचा खेळण्यांचा कारखानदार होता. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या हा त्याचा हातखंडा. त्याचा स्वतःचा लहान मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता, बापाने त्याला वेळेत बाहेर काढलं म्हणून. पुढे तोंडाने श्वास देण्याची पद्धत शिकवायला डॉक्टरांना माणसाच्या आकाराचं काहीतरी हवं होतं. त्यांनी गाठलं या खेळणीवाल्याला. १९६० मध्ये 'रेसुसी अ‍ॅन' बाजारात आली, आणि आज जगभरातल्या वर्गांत तिची नात-पणतवंडं मार खात असतात.

ती बाहुली निघाली, कारण श्वास देणं आणि छाती दाबणं ही हातांनी आणि फुप्फुसांनी शिकायची विद्या आहे, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. पोहणं पुस्तकातून येत नाही, तसंच हे.

ऑफिसमधला सीपीआर इथे चालत नाही

"पण आमच्या ऑफिसात झालंय की सीपीआर सेशन!" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. एचआरने पिझ्झा मागवला होता, सगळ्यांनी टी-शर्टवाल्या धडावर दोन-दोन मिनिटं हात मारून घेतला, ग्रुप फोटो झाला. चांगलंच आहे. पण एक फरक समजून घ्या.

अशा सेशनमध्ये बहुतेक वेळा शिकवतात तो फक्त छाती दाबण्याचा सीपीआर. इंडियन रेससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसांसाठी तोच सोपा प्रकार सुचवला आहे, आणि मोठ्या माणसांसाठी तो योग्यच. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा अचानक बंद पडतं, तेव्हा रक्तात ऑक्सिजन शिल्लक असतो.

बाळाचं उलट असतं. बाळाचा आधी श्वास अडतो. घशात काहीतरी अडकून, पाण्यात बुडून, गंभीर आजारात. ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून लहान मुलांच्या सीपीआरमध्ये श्वास देणं फार महत्त्वाचं. बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून, गालात मावेल एवढीच फुंकर. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते; मान जास्त मागे वाकवली तर श्वासाचा मार्गच चिमटतो. ही फुंकर ग्राफिक्समध्ये कशी दाखवणार, बॉस?

आणि वेळ किती असतो? श्वास पूर्ण बंद झाला तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, तिला फोन करायचाच. पण संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीच्या रस्त्यावरून चार मिनिटांत काय येऊ शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोवर बाळाकडे असतात ते मावशींचे दोन हात.

व्हिडिओ म्हातारा होतो, हातही विसरतात

आता वर्गाची बाजू घेऊन मी ऑनलाइनला मोडीत काढतोय, असं वाटत असेल तर थांबा.

वर्गाची मोठी कमजोरी म्हणजे तो एकदाच होतो. रविवारी शिकलेली मावशी पुढच्या दिवाळीपर्यंत बरंचसं विसरलेली असते. ही फक्त मावशींची गोष्ट नाही. सीपीआरचं कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच उतरणीला लागतं, हे डॉक्टर-नर्सच्या बाबतीतही अभ्यासांत वारंवार दिसलंय. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, पुढे परत कोर्स. आणि मधल्या काळात आठवण ताजी ठेवायला पाच मिनिटांच्या व्हिडिओइतकं स्वस्त औषध दुसरं नाही. दुपारी बाळं झोपली की मोबाइलवर एकदा उजळणी, आणि पालथ्या उशीवर पाच तडाखे. झालं!

पण व्हिडिओही म्हातारा होतो. उदाहरण घ्या. तान्ह्या बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब द्यायचा, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी दोन बोटांची पद्धत बाद केली, कारण बोटांनी पुरेसा खोल दाब पडत नाही. आता एका हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा भाग वापरा, किंवा दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून दोन अंगठ्यांनी दाबा. एक वर्षावरच्या मुलाच्या घशात अडकलं, तर पूर्वी ते थेट पोटाला झटके द्यायला सांगत. आता आधी पाठीवर पाच तडाखे, मग पोटाला पाच झटके, आळीपाळीने. २०२५ च्या आधीच्या बऱ्याच व्हिडिओंत हे बदल नाहीत, आणि ते व्हिडिओ आजही तुमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतायत. भिंतीवरचं २०२० चं सोनेरी सीलही तेवढंच जुनं. अर्थात हाच नियम वर्गालाही लागू. शिकवणारी सिस्टर जुनंच शिकवत असेल, तर हॉल आणि सतरंजी तिला वाचवू शकत नाहीत.

फिफ्टी-फिफ्टी

मग उत्तर काय? इंग्लंडने काढलेलं उत्तर मला पटलं. तिथल्या नर्सरीत मुलं असतील तो सगळा वेळ लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू सर्टिफिकेट असलेला किमान एक माणूस तिथे हजर असावाच लागतो. पूर्ण कोर्स किमान १२ तासांचा, आणि त्यातला तातडीच्या उपचारांचा किमान सहा तासांचा भाग समोरासमोरच झाला पाहिजे. दर तीन वर्षांनी नव्याने. म्हणजे हिशेब सरळ आहे: डोक्याने शिकायचं ते स्क्रीनवर शिकलं तरी चालेल, हाताने शिकायचं ते हातानेच.

अमेरिकन हार्ट असोसिएशनचा पाळणाघर कर्मचारी आणि शिक्षकांसाठीचा कोर्सही असा अर्धा-अर्धा करता येतो. आधी ऑनलाइन थिअरी, मग बाहुलीवर प्रॅक्टिकल. आपल्याकडे इंडियन रेडक्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स कित्येक दशकं प्रथमोपचाराचे वर्ग घेतायत. फक्त वर्गात नाव घालण्याआधी एक गोष्ट विचारा: यात तान्ह्या बाळाची बाहुली आहे का? मोठ्या माणसाच्या धडावर शिकून आठ महिन्यांच्या बाळाचं काही कळत नाही.

पण रविवार कुणाचा?

आता खरी मेख. वर्ग संपल्यावर बाहेर चप्पल घालताना मी एका मावशींना विचारलं, "दर वर्षी याल का?" त्या म्हणाल्या, "येईन की. पण आठवड्याला रविवार एकच मिळतो, दादा. कपडे, किराणा, पोरांचं सगळं त्याच दिवशी. आज इथं आले, घरी तसंच पडलंय."

चौदापैकी नऊ मावशी स्वतःच्या सुट्टीत आल्या होत्या. त्या दिवसाचा पगार नाही. दोघींनी रिक्षाचं भाडंही खिशातून घातलं होतं. हे ऐकलं की ऑनलाइन कोर्स इतका लोकप्रिय का, ते वेगळ्याच बाजूने कळतं. तो चांगला आहे म्हणून नाही, तर कुणाचाच दिवस मोडत नाही म्हणून. पाळणाघर बंद ठेवावं लागत नाही, पालकांना सुट्टी घ्यावी लागत नाही, मालकाला पगार द्यावा लागत नाही. सगळे खूश! फक्त तडाखा हलका राहतो.

म्हणजे ऑनलाइन की वर्ग, हा वाद टेक्नॉलॉजीचा नाहीच. तो एका दिवसाचा आहे. वर्षातला एक दिवस कोण सोडणार? आपल्या कंपन्या आपल्याला दोन-दोन दिवस रिसॉर्टवर टीम बिल्डिंगला नेतात, दोरीवर लटकवतात आणि त्याचा पगारही देतात. आपल्या बाळाला दहा तास सांभाळणाऱ्या बाईला प्रशिक्षणाचा एक भरपगारी दिवस मिळावा, यात अवघड काय आहे? पंधरा-वीस पालकांनी वर्गणी काढली तर दर डोई पडणारा खर्च एका वीकेंडच्या मल्टिप्लेसपेक्षा फार वेगळा नसेल. ऑफिसचं पाळणाघर असेल तर एचआरला एक मेल टाका. आणि त्या एका दिवशी बाळाला सांभाळायला आई किंवा बाबा, कुणीतरी सुट्टी घ्या. अप्रेझलवर परिणाम होत नाही!

चौकट १: पाळणाघरात हे विचारा

• बाळांच्या खोलीत प्रत्यक्ष असणाऱ्या किती जणींनी प्रशिक्षण घेतलंय? संचालिकांचं सर्टिफिकेट मोजू नका.
• प्रॅक्टिकल बाहुलीवर झालं का? तान्ह्या बाळाच्या?
• शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? ऑक्टोबर २०२५ नंतर की आधी?
• प्रशिक्षण मावशींना कळणाऱ्या भाषेत झालं का?
• १०८ आणि जवळच्या, लहान मुलांवर उपचार करणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर भिंतीवर, मावशींना वाचता येईल असा लावलाय का?
• शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, सीताफळाच्या बिया, चिंचोके, बटण सेल... यातलं काय मुलांच्या हाताला लागू शकतं?
• बाथरूममधल्या बादल्या रिकाम्या असतात का? रांगणाऱ्या बाळाला बुडायला बादलीतलं थोडं पाणीही पुरतं.
• प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगार मावशींना मिळतो का?

चौकट २: घशात अडकलं तर?

मूल जोरात खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्या, जवळ थांबा. आवाज फुटत नाही, श्वास घेता येत नाही, चेहरा निळा पडायला लागलाय, तर लगेच कामाला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. लक्षात ठेवा, खरं गुदमरणं बहुतेक वेळा शांत असतं.

एक वर्षाखालचं बाळ: बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, जबड्याला आधार द्या, गळा दाबू नका. डोकं छातीपेक्षा खाली. दोन्ही खांद्यांच्या मागे, पाठीच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरकस तडाखे. मग बाळाला उताणं करून छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याच्या त्याच भागाने पाच दाब. वस्तू बाहेर पडेपर्यंत आळीपाळीने. तान्ह्या बाळाच्या पोटाला झटके द्यायचे नाहीत.

एक वर्षावरचं मूल: पाठीवर पाच तडाखे, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. आळीपाळीने.

मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर सुरू करा. तोंडात वस्तू दिसली तरच काढा. आणि सगळं ठीक झालं तरी डॉक्टरांना दाखवाच.

हे कापून फ्रिजवर लावा. पण खरं सांगू का, हे वाचून येत नाही, आणि बघूनही पूर्ण येत नाही. उद्या सकाळी पिल्लाला सोडायला जाल तेव्हा दारात तीस सेकंद जास्त थांबा. संचालिकाबाईंना नाही, थेट मावशींना विचारा, "मावशी, तुम्हाला शिकायला आवडेल का? सुट्टीचा दिवस न मोडता?"

नऊचा कॉल दोन मिनिटं उशिरा सुरू झाला तरी कुणाचा जीव जात नाही.